पाळीव कुत्र्याचा विमा : परवडणारा कोणता, भरवशाचा कोणता?

सौंसर तहसिलीतील बोरगाव हे नागपूर-छिंदवाडा मार्गावरील गाव. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हापासून हा परिसर त्या जिल्ह्यात मोडतो. येथे एका बाजूस औद्योगिक क्षेत्र आहे, तर दुसऱ्या बाजूस संत्र्याच्या बागा आणि कपाशीची शेते पसरलेली आहेत. बागेत रात्री राखण करणारा, रानडुकरांची चाहूल लागताच भुंकून घर जागे करणारा कुत्रा हा या भागातील शेतकरी कुटुंबाचा जुना सोबती होय. कारखान्यात नोकरी करणाऱ्या कुटुंबांमधून अलीकडे विकत घेतलेले जातिवंत कुत्रेही दिसू लागले आहेत. तथापि कुटुंबाच्या हिशेबवहीत बैलाची किंमत असते, म्हशीची असते, कुत्र्याची नसते. तो आजारी पडला, मोटारीखाली सापडला किंवा कोणास चावला, म्हणजे मगच खर्चाचा आकडा प्रथम समोर येतो.

अशा खर्चापासून संरक्षण देणारे विमे आता उपलब्ध आहेत. परंतु विमा हे विकत घेतलेले आश्वासन आहे. ते आश्वासन नेमके कशाचे, किती रकमेचे आणि कोणत्या अटींवर दिले आहे हे न पाहता केवळ हप्ता कमी म्हणून विमा घेतल्यास, पैसे देऊनही संकटकाळी हात रिकामे राहण्याचा संभव असतो. म्हणून पाळीव कुत्र्याचा विमा निवडताना कोणत्या गोष्टी तपासाव्यात याचा विचार येथे केला आहे.

जनावरांच्या विम्यापासून मिळणारा धडा

ग्रामीण भागास विमा अपरिचित नाही. सर्वसाधारण विमा व्यवसायाचे राष्ट्रीयीकरण १९७२ च्या कायद्याने झाले आणि १ जानेवारी १९७३ पासून शंभरावर विमा संस्थांचा कारभार चार सरकारी कंपन्यांकडे आला. त्यानंतर ग्रामीण विकासाच्या कर्जयोजनांमधून दिल्या जाणाऱ्या गाई-म्हशींचा विमा सर्वत्र माहीत झाला. पुढे २००५-०६ मध्ये केंद्र शासनाने निवडक १०० जिल्ह्यांत पशुधन विम्याची योजना प्रायोगिक स्वरूपात सुरू केली. आज ती राष्ट्रीय पशुधन अभियानाचा भाग आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये झालेल्या बदलानुसार हप्त्यातील पशुपालकाचा वाटा १५ टक्के ठरविण्यात आला असून उर्वरित भार केंद्र व राज्य शासनाने सर्वसाधारणपणे ६०:४० या प्रमाणात उचलावयाचा आहे.

ही सवलत गाई, म्हशी, शेळ्या, मेंढ्या इत्यादी पशुधनासाठी आहे. कुत्र्याचा त्यात समावेश नाही. कुत्र्याच्या विम्याचा संपूर्ण हप्ता मालकासच भरावा लागतो. म्हणून निवडीची जबाबदारीही अधिक असते.

तरीही गुरांच्या विम्याने शिकविलेला एक धडा येथे तंतोतंत लागू पडतो. ज्यांनी गाय किंवा म्हैस विमा उतरवून घेतली आहे, त्यांना कानातील बिल्ल्याचे महत्त्व ठाऊक आहे. बिल्ला नसल्यास मेलेले जनावर तेच विमा उतरविलेले जनावर होते, हे सिद्ध करता येत नाही व दावा फेटाळला जातो. तात्पर्य, भरपाईचा पाया नुकसान झाल्यानंतर घातला जात नाही; तो विमा घेण्याच्या दिवशीच घालावा लागतो.

विमा नेमका कशाचा?

‘कुत्र्याचा विमा’ या एकाच नावाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी विकल्या जातात. त्या वेगळ्या ओळखणे ही निवडीची पहिली पायरी होय.

पहिला प्रकार मृत्यूच्या विम्याचा. रोगाने किंवा अपघाताने कुत्रा दगावल्यास ठरलेली रक्कम मिळते. सार्वजनिक क्षेत्रातील विमा कंपन्यांकडे अशा स्वरूपाचे विमे पुष्कळ वर्षांपासून आहेत. यात रक्कम सामान्यतः कुत्र्याच्या बाजारभावावरून ठरते. विकत घेतलेल्या जातिवंत कुत्र्याची खरेदीची पावती असते. परंतु गावठी कुत्र्यास बाजारभाव नसल्यासारखाच असतो. तेव्हा बागेची राखण करणाऱ्या गावठी कुत्र्यासाठी केवळ मृत्यूचा विमा घेणे बहुधा लाभदायक ठरत नाही.

दुसरा प्रकार उपचारखर्चाच्या विम्याचा. शस्त्रक्रिया, रुग्णालयातील वास्तव्य, क्वचित बाह्यरुग्ण उपचार यांचा खर्च यातून मिळतो. ऑगस्ट २०२० मध्ये बजाज अलायन्झ कंपनीने पाळीव कुत्र्यांसाठी स्वतंत्र विमा आणला, आणि त्यानंतर इतर खाजगी कंपन्याही या क्षेत्रात उतरल्या. औषधोपचाराचा खर्च कुत्र्याची जात पाहून कमी-अधिक होत नाही. मोडलेला पाय जोडण्यास गावठी कुत्र्यालाही तेवढाच खर्च येतो. यास्तव सामान्य कुटुंबाच्या दृष्टीने हा प्रकार अधिक विचारात घेण्याजोगा आहे. मात्र गावठी व संकरित कुत्र्यांचा विमा कंपनी उतरविते किंवा नाही, हे प्रथमच विचारून घ्यावे.

तिसरा प्रकार दायित्वाच्या विम्याचा. कुत्रा परक्या माणसास चावला, त्याच्या आड येण्याने दुचाकीस्वार पडला किंवा त्याने शेजाऱ्याच्या शेळीस इजा केली, तर मालकावर येणाऱ्या भरपाईचा भार यातून उचलला जातो. मालकाच्या स्वतःच्या कुटुंबीयांना किंवा नोकरांना झालेली इजा बहुधा यातून वगळलेली असते. या जोखमीकडे ग्रामीण भागात फारसे लक्ष दिले जात नाही. वस्तुतः भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ अन्वये, आपल्या ताब्यातील प्राण्यापासून माणसाच्या जीवितास धोका पोचू नये म्हणून पुरेशी दक्षता न घेणे हा अपराध आहे. त्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ही शिक्षा कोणताही विमा टाळू शकत नाही. विम्यातून मिळू शकते ती केवळ नुकसानभरपाईची रक्कम, आणि तीही विमापत्रात तसे लिहिले असेल तरच.

आधी लस, मग विमा

विम्याचा हप्ता भरण्यापूर्वी लसीकरण पूर्ण करणे अगत्याचे आहे. याची कारणे दोन आहेत.

पहिले कारण आरोग्याचे. रेबीज म्हणजेच पिसाळ रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली, म्हणजे माणूस काय किंवा कुत्रा काय, वाचण्याची आशा जवळजवळ उरत नाही. पिल्लू तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची लस टोचून पुढे पशुवैद्यकाच्या सल्ल्याने नियमित मात्रा देणे, हा या रोगावरील खरा उपाय होय. कुत्रा चावल्यास जखम वाहत्या पाण्याने व साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्वरित शासकीय रुग्णालयात जावे. हळद, चुना, तेल यांसारखे पदार्थ जखमेवर लावू नयेत. या कामी विमा कोणाच्याही उपयोगी पडत नाही.

दुसरे कारण विम्याच्या अटींचे आहे. पार्व्हो, डिस्टेंपर, लेप्टोस्पायरोसिस, रेबीज यांसारखे जे रोग लसीने टाळता येतात, त्यांचा खर्च लसीकरण झालेले नसल्यास कंपन्या सहसा देत नाहीत. म्हणजे लसीकरणाचे पुस्तक रिकामे असेल, तर हप्ता भरूनही विम्याचा मोठा भाग निरुपयोगी होतो. लसीची तारीख, बाटलीवरील लेबल आणि पशुवैद्यकाची सही व नोंदणी क्रमांक या गोष्टी पुस्तकात असल्याची खात्री करून घ्यावी.

हप्ता स्वस्त म्हणजे विमा स्वस्त नव्हे

समजा, दोन विमे समोर आहेत. पुढील आकडे केवळ हिशेब समजण्यासाठी घेतले आहेत.

‘अ’ या विम्याचा वार्षिक हप्ता १,२०० रुपये आहे. एकूण संरक्षण २०,००० रुपयांचे. परंतु कोणत्याही एका शस्त्रक्रियेसाठी ८,००० रुपयांहून अधिक मिळणार नाहीत. शिवाय मान्य रकमेतील पहिले १,००० रुपये मालकाने सोसावयाचे व उरलेल्या रकमेचे २० टक्केही त्यानेच द्यावयाचे आहेत. ‘ब’ या विम्याचा हप्ता २,४०० रुपये आहे. संरक्षण तितकेच; शस्त्रक्रियेसाठी वेगळी मर्यादा नाही; मालकाचा वाटा १० टक्के.

शस्त्रक्रियेस १५,००० रुपये खर्च आला, तर ‘अ’ विम्यात प्रथम ८,००० रुपयेच हिशेबात धरले जातील. त्यातून १,००० वजा जाता ७,००० उरतील आणि त्यांच्या ८० टक्के, म्हणजे ५,६०० रुपये हाती येतील. मालकाच्या खिशातून ९,४०० रुपये व हप्त्याचे १,२०० मिळून १०,६०० रुपये जातील. ‘ब’ विम्यात १३,५०० रुपये मिळतील. मालकाचे १,५०० रुपये व हप्त्याचे २,४०० मिळून ३,९०० रुपयेच खर्ची पडतील. निम्म्या हप्त्याचा विमा मोठ्या खर्चाच्या वेळी असा महाग पडतो.

उलटपक्षी, वर्षभर कुत्रा निरोगी राहिला तर ‘ब’ विम्यावर १,२०० रुपये अधिक गेलेले असतील. म्हणून निर्णय करताना एकच प्रश्न स्वतःस विचारावा : पंधरा-वीस हजारांचा खर्च एकदम आला तर कर्ज न काढता तो भागविता येईल काय? येत असेल, तर दरमहा २०० रुपये बँकेत किंवा टपाल कार्यालयात बाजूस टाकणे अनेकदा पुरेसे होते. येत नसेल, तर विमा विचारात घ्यावा. बचतीतून पाच वर्षांत १२,००० रुपये साठतात हे खरे. पण संकट पहिल्याच वर्षी आले तर हाती २,४०० रुपयेच असतात. किरकोळ खर्चासाठी बचत आणि न झेपणाऱ्या खर्चासाठी विमा, ही विभागणी हितकारक ठरते.

हप्त्याची तुलना करताना करासह एकूण रक्कम विचारावी. तसेच कुत्र्याचे वय वाढेल तसा हप्ता किती वाढणार आणि कोणत्या वयानंतर नूतनीकरण बंद होणार, हेही लेखी घ्यावे. तरुणपणी स्वस्त असलेला आणि म्हातारपणी, म्हणजे आजारांच्या काळात, बंद होणारा विमा भरवशाचा म्हणता येत नाही.

न मिळणाऱ्या भरपाईची यादी

विमापत्रातील जो भाग सर्वांत कमी वाचला जातो, तोच सर्वांत आधी वाचावा. त्यात वगळलेल्या गोष्टींची यादी असते. सर्वसाधारणपणे पुढील बाबी वगळलेल्या आढळतात :

१. विमा घेण्यापूर्वीपासून असलेला आजार अथवा जन्मजात दोष.
२. विमा सुरू झाल्यापासूनच्या प्रतीक्षाकाळात, म्हणजे ठरलेल्या आरंभीच्या दिवसांत, उद्भवलेला आजार.
३. लस न दिल्यामुळे झालेला रोग.
४. गाभण काळ, प्रसूती व नसबंदी यांचा खर्च.
५. मालकाची हयगय, उपासमार किंवा उपचारास केलेला विलंब.
६. शर्यत, झुंज, शिकार किंवा व्यापारी पैदाशीसाठी केलेला वापर.

बोरगावसारख्या ठिकाणी आणखी काही प्रश्न स्पष्टपणे विचारले पाहिजेत. सर्पदंश अपघातात धरला जातो काय? बागेत फवारलेल्या कीटकनाशकाने झालेल्या विषबाधेचे काय? बिबट्याने कुत्रा नेल्यास तो ‘मृत’ समजला जाईल की ‘हरवलेला’? शव हाती नसताना मृत्यूचा पुरावा कोणता मानला जाईल? राखणीसाठी बागेत मोकळा सोडलेला कुत्रा ‘पाळीव’ या व्याख्येत बसतो काय? या प्रश्नांची उत्तरे तोंडी न घेता लेखी घ्यावीत. कुत्रा राखणीसाठी ठेवला असल्यास प्रस्तावपत्रात तसे स्वच्छ लिहावे. माहिती दडविल्याने हप्ता थोडा वाचेल. पण पुढे त्याच कारणावरून दावा फेटाळला जाऊ शकतो.

ओळख पटविणारी साधने

गाई-म्हशींस बारा अंकी क्रमांकाचा बिल्ला दिला जातो. कुत्र्याच्या बाबतीत तेच काम खांद्यांच्या मध्ये कातडीखाली बसविलेली तांदळाच्या दाण्याएवढी मायक्रोचिप करते. विशिष्ट यंत्राने तिच्यातील पंधरा अंकी क्रमांक वाचता येतो. ती बसविलेली असल्यास तो क्रमांक विमापत्रात जसाच्या तसा आला आहे हे पडताळावे. मायक्रोचिप नसेल तर कंपनी कोणती ओळख मान्य करते ते विचारून समोरून, दोन्ही बाजूंनी व अंगावरील खुणांसह स्पष्ट छायाचित्रे काढावीत आणि त्यांवर तारीख लिहावी. सर्व काळी किंवा सर्व तांबडी गावठी कुत्री कागदावर एकसारखी दिसतात. खुणांचे वर्णन जितके नेमके, तितका वाद कमी.

सीमेवरील गावाची विशेष अडचण

बोरगावच्या रहिवाशांचा व्यवहार मराठीत चालतो. कचेरीचे कागद हिंदीत असतात आणि विमापत्र पुष्कळदा इंग्रजीत येते. त्यामुळे प्रतिनिधीने तोंडी सांगितलेल्या गोष्टींवर विसंबण्याकडे कल होतो. परंतु दाव्याच्या वेळी प्रतिनिधीचे शब्द पाहिले जात नाहीत, विमापत्रातील मजकूर पाहिला जातो. प्रस्तावपत्र दुसऱ्याने भरले असल्यास सही करण्यापूर्वी ते वाचून, समजावून घ्यावे आणि त्याची प्रत स्वतःजवळ ठेवावी. गावातील शिक्षक, ग्रामपंचायतीचे सचिव किंवा महाविद्यालयात शिकणारी मुले या कामी मोठे साहाय्य करू शकतात.

दुसरी बाब उपचारांची. साध्या उपचारासाठी जवळचे शासकीय पशुचिकित्सालय आहे, आणि १९६२ या दूरध्वनी क्रमांकावर फिरत्या पशुचिकित्सा पथकाशी संपर्क साधता येतो. मात्र मोठ्या शस्त्रक्रियेसाठी या भागातील लोकांना राज्याची सीमा ओलांडून नागपूर जवळ पडते. तेथे १९५८ साली स्थापन झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. मध्य प्रदेशातील जबलपूरचे महाविद्यालय १९४८ इतके जुने असले, तरी बोरगावहून ते बरेच दूर आहे. यास्तव मध्य प्रदेशात घेतलेल्या विम्यावर महाराष्ट्रातील उपचारांची बिले स्वीकारली जातील काय, कोणत्याही नोंदणीकृत पशुवैद्यकाचे बिल चालेल की कंपनीच्या यादीतील रुग्णालयातच जावे लागेल, हे विमा घेण्याआधी निश्चित करावे. यादीतील सर्वांत जवळचे रुग्णालय दूरच्या महानगरात असेल, तर रोख न भरता उपचार मिळण्याची सोय येथील मालकास केवळ कागदावरच मिळते.

विकणारी संस्था भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाकडे नोंदलेली आहे, हेही पाहिले पाहिजे. काही ठिकाणी ‘आरोग्य कार्ड’ किंवा ‘सदस्यत्व’ या नावाने उपचारांवर सवलत दिली जाते. ती उपयुक्त असू शकते, परंतु तो विमा नव्हे. नोंदणी क्रमांक नसलेल्या कागदास विमापत्र समजू नये.

दावा आणि तक्रार

घटना घडताच विमापत्रात दिलेल्या मुदतीत कंपनीस कळवावे व कळविल्याचा क्रमांक टिपून ठेवावा. उपचारांची मूळ बिले, औषधचिठ्ठी, तपासणी अहवाल व लसीकरणाचे पुस्तक एकत्र ठेवावे. मृत्यू झाल्यास शवविच्छेदन आवश्यक आहे काय हे पुरण्यापूर्वी विचारावे. अनेक कुटुंबे दुःखाच्या भरात कुत्र्यास लगेच बागेत मूठमाती देतात, आणि पुरावाही त्याबरोबर जातो. चोरी झाल्यास पोलिसांत तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी.

दावा नाकारला गेल्यास कारण लेखी मागावे व प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. प्राधिकरणाकडेही १५५२५५ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. कंपनीने तक्रार फेटाळली किंवा एक महिन्यात उत्तर दिले नाही, तर मध्य प्रदेशासाठी भोपाळ येथे असलेल्या विमा लोकपालाकडे एक वर्षाच्या आत जाता येते. तेथे शुल्क पडत नाही व वकिलाची गरज नसते. ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे.

शाळेत आणि ग्रामसभेत करण्याजोगा अभ्यास

वर दिलेले ‘अ’ व ‘ब’ हे दोन विमे फळ्यावर मांडून विद्यार्थ्यांकडून पुढील हिशेब करवून घ्यावेत. शस्त्रक्रियेचे बिल ३,००० रुपये असल्यास हप्त्यासह मालकाचा एकूण खर्च किती? उत्तर : ‘अ’ मध्ये २,६०० रुपये, ‘ब’ मध्ये २,७०० रुपये. बिल ६,००० रुपये असल्यास? उत्तर : ‘अ’ मध्ये ३,२०० रुपये, ‘ब’ मध्ये ३,००० रुपये. यावरून विद्यार्थ्यांच्या सहज ध्यानात येईल की, कमी हप्त्याचा विमा लहान बिलातच किंचित सरस ठरतो. आणि लहान बिल तर बहुतेक कुटुंबे विम्याशिवायही भागवू शकतात.

यानंतर प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या किंवा शेजारच्या घरातील कुत्र्याविषयी चार नोंदी आणाव्यात : वय, अंगावरील खुणा, रेबीजच्या लसीची शेवटची तारीख आणि रात्री तो बांधलेला असतो की मोकळा. ज्यांच्या पुस्तकात लसीची तारीख नसेल, त्यांची नावे पशुचिकित्सालयास कळवून गावात लसीकरणाचा दिवस ठरविता येईल. विमा कोणी घ्यावा, कोणी घेऊ नये, हे ज्याच्या त्याच्या ऐपतीवर अवलंबून राहील. रेबीजची लस मात्र गावातील प्रत्येक कुत्र्यास मिळाली पाहिजे, कारण ती न दिल्याचे मोल कुत्र्याच्या मालकाइतकेच शेजारच्या मुलासही द्यावे लागते.